‘लायसन्स लागत नाही’ या वाक्याचा अर्थ लावताना

२०२४ च्या जुलै महिन्यातल्या एका रविवारी माझ्या बहिणीच्या मुलाने घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक छायाचित्र टाकले. लुइझियाना राज्यात एम.एस. करणारा हा चोवीस वर्षांचा मुलगा कानांवर जाड आवरणे आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा लावून एका शूटिंग रेंजवर उभा होता आणि त्याच्या दोन्ही हातांत पिस्तूल होते. मी लगेच फोन केला. तो म्हणाला, “अगं मावशी, काळजी कसली करतेस? चार जुलैपासून इथे लायसन्स लागतच नाही. रूममेटचं पिस्तूल आहे, मी फक्त नेम धरून पाहिला.”

त्याने सांगितलेली तारीख खरी होती. लुइझियानाच्या विधिमंडळाने त्याच वर्षी संमत केलेला कायदा ४ जुलै २०२४ पासून लागू झाला होता आणि अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, शस्त्र बाळगण्यास कायद्याने अपात्र नसलेल्या व्यक्तीला परवान्याशिवाय कपड्यांखाली पिस्तूल बाळगण्याची मुभा त्याने दिली होती. या वाक्यातले ‘अपात्र नसलेल्या’ हे दोन शब्द मी त्या दिवशी वाचले, पण त्यांच्यावर थांबले नाही, कारण मी स्वतःही गेली तीन वर्षे तेच वाक्य ऐकत आले होते. आम्ही ह्यूस्टनच्या उपनगरात राहतो. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याची सक्ती उठली, तेव्हापासून कामाच्या ठिकाणी, शेजारी आणि आमच्या मंडळातही ‘आता लायसन्स लागत नाही’ हे वाक्य हवामानाच्या बातमीइतक्या सहजपणे बोलले जाते. मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. कामाची पाळी संपवून पहाटे तीन वाजता एकटीने गाडी चालवत घरी यावे लागते, आणि त्या वर्षीच्या वसंत ऋतूत वाटेतल्या पेट्रोल पंपावर घडलेल्या एका प्रसंगानंतर पिस्तूल घ्यावे की नाही हा विचार माझ्या मनात गंभीरपणे सुरू झाला होता. भाच्याच्या छायाचित्राने एवढेच केले, की जे मी गृहीत धरले होते ते नीट वाचून काढण्याची निकड निर्माण झाली.

मी कायद्याची पदवीधर नाही, पण प्रयोगशाळेतल्या कामामुळे एक सवय लागलेली आहे: नमुन्यावरची चिठ्ठी काय म्हणते ते आधी वाचायचे, मग निष्कर्षाकडे जायचे. टेक्सासची दंडसंहिता राज्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येते. रोज रात्री जेवणानंतर तासभर, असे साधारण सहा आठवडे मी ती वाचत होते. माझे यजमान समोर बसून न कळलेले वाक्य पुन्हा मोठ्याने वाचायला सांगत, आणि त्यांच्या त्या आग्रहाचा फार उपयोग झाला, कारण या कायद्यांतली वाक्ये मोठ्याने वाचल्याशिवाय त्यांतले अपवाद आणि अपवादांचे अपवाद वेगळे होत नाहीत.

पहिली गोष्ट उमगली ती इतिहासाबद्दलची. टेक्सास म्हणजे बंदुकांचे मुक्त राज्य अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात १८७१ पासून सव्वाशे वर्षे या राज्यात पिस्तूल जवळ बाळगून फिरण्यावर बंदी होती, आणि परवाना घेऊन लपवलेले पिस्तूल बाळगण्याची सोय १९९५ मध्ये झालेल्या कायद्याने, १९९६ च्या आरंभापासून मिळाली. त्यामागे १९९१ मध्ये किलीन गावातल्या एका उपाहारगृहात तेवीस जणांची हत्या झाली, त्या घटनेची स्मृती होती. त्या वेळी पिस्तूल बाहेर गाडीत ठेवावे लागले म्हणून आईवडिलांना वाचवता आले नाही, अशी साक्ष तिथून वाचलेल्या एका स्त्रीने पुढे अनेक सभागृहांत दिली. पिस्तूल उघड दिसेल असे, पण परवान्यासह, बाळगण्याची परवानगी २०१६ मध्ये आली आणि परवानाच ऐच्छिक झाला तो २०२१ मध्ये. याच्या अगदी उलट उदाहरण व्हरमाँटचे. तिथे १९०३ मध्ये रटलंड शहराने परवानगीची अट घातली होती ती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली आणि त्यानंतर तिथे परवाना कधी आलाच नाही. अलास्काने २००३ मध्ये आणि ॲरिझोनाने २०१० मध्ये तीच वाट धरली, आणि लुइझियानाला धरून ही संख्या एकोणतीस राज्यांवर गेली. म्हणजे निम्म्याहून अधिक राज्ये. एवढी मोठी संख्या ऐकली की सगळीकडे एकच नियम असेल असे वाटते, आणि माझ्या मते सर्वांत मोठा गैरसमज तिथेच जन्म घेतो.

दुसरी गोष्ट वाचली आणि त्या रात्री मला झोप आली नाही. राज्याच्या कायद्याच्या डोक्यावर केंद्राचा कायदा आहे. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यात ज्यांनी शस्त्र आणि काडतुसे बाळगूच नयेत अशा व्यक्तींची यादी आहे. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेले, कौटुंबिक हिंसेच्या किरकोळ समजल्या जाणाऱ्या गुन्ह्यातही दोषी ठरलेले, अमली पदार्थांचे सेवन करणारे, अशी ती यादी पुढे जाते आणि पुढच्या एका कलमात बिगर-स्थलांतरित व्हिसावर देशात आलेल्या परदेशी व्यक्तींचा उल्लेख येतो. एफ-वन म्हणजे विद्यार्थी, एच-वन बी म्हणजे नोकरदार, एच-फोर म्हणजे त्यांचे कुटुंबीय आणि बी-टू म्हणजे मुलांकडे सहा महिने राहायला आलेले आपले आईवडील, हे सगळे त्यात येतात. राज्याने परवान्याची अट काढली म्हणून या यादीतले एकही नाव कमी होत नाही. या गुन्ह्यासाठीची कमाल शिक्षा २०२२ च्या दुरुस्तीने दहा वर्षांवरून पंधरा वर्षे केली गेली, आणि शस्त्रासंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरणे हे देशाबाहेर पाठवले जाण्याचे स्वतंत्र कारण आहे.

‘बाळगणे’ या शब्दाचा अर्थ किती विस्तृत आहे तेही तेव्हाच समजले. बंदूक स्वतःच्या मालकीची असावी लागत नाही आणि घरी न्यावी लागत नाही. रेंजवर भाड्याने घेऊन तासभर हातात धरणे हेही बाळगणेच. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला एक खटला याच प्रकारचा आहे. संयुक्त अरब अमिरातीतून फ्लोरिडात शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याचे महाविद्यालयातले नाव कमी झाले, त्यामुळे देशात राहण्याचा त्याचा कायदेशीर दर्जा संपला, आणि त्यानंतर तो रेंजवर जाऊन नेमबाजी करून आला, एवढ्यावर तो तुरुंगात गेला होता. आपला दर्जा संपलेला आहे हे त्या व्यक्तीला माहीत होते, हे सरकारला सिद्ध करावे लागेल, असा निर्णय न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी दिला. पण मूळ बंदी जिथल्या तिथे राहिली. कायद्यात एक अपवाद आहे: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला शिकारीचा वैध परवाना जवळ असेल तर बिगर-स्थलांतरित व्हिसाची बंदी लागू होत नाही. माझ्या भाच्याकडे असा परवाना नव्हता, आणि असा काही परवाना असतो हे त्याला किंवा त्याच्या रूममेटला माहीतही नव्हते.

मी त्याला दुसऱ्या दिवशी फोन करून कलम वाचून दाखवले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “पण मावशी, रेंजवर तर कुणी काही विचारलंच नाही.” खरे म्हणजे त्या रेंजवर एक छापील अर्ज त्याच्याकडून भरून घेतला होता आणि त्यावर अपात्र व्यक्तींची यादी होती, इतरांप्रमाणे त्यानेही न वाचता खाली सही केली होती. आम्ही त्याला स्थलांतर कायद्याच्या एका वकिलांचा सल्ला घ्यायला लावले. त्यांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि पुन्हा शस्त्राला हात लावू नये, कोणाच्या गाडीत शस्त्र आहे असे माहीत असेल तर त्या गाडीतून जाऊ नये, आणि पुढे शिकारीचा परवाना काढून हौस करायचीच असेल तर आधी लेखी सल्ला घ्यावा, असे सांगितले. पुढे काही विपरीत घडले नाही. परंतु दर आठवड्याला माझ्या ओळखीतल्या कुणा ना कुणा मुलाचे रेंजवरचे छायाचित्र मला दिसते, आणि पाहुण्यांना ‘टेक्सासचा अनुभव’ म्हणून तिथे नेणारी मराठी कुटुंबेही मी पाहिली आहेत. या लेखातली दुसरी कोणतीही गोष्ट वाचकाच्या लक्षात राहिली नाही तरी चालेल, पण व्हिसावर असलेल्या मुलांनी आणि त्यांच्याकडे येणाऱ्या आईवडिलांनी हा परिच्छेद आणि याच्या वरचे दोन परिच्छेद जरूर लक्षात ठेवावेत.

माझी स्वतःची स्थिती वेगळी होती. मला २०१९ मध्ये ग्रीन कार्ड मिळाले, आणि कायम रहिवाशांना ही बंदी लागू नाही. दुकानातून पिस्तूल विकत घेताना केंद्र सरकारचा जो अर्ज भरावा लागतो त्यावर ग्रीन कार्डावरचा परदेशी नागरिक क्रमांक लिहायचा असतो आणि दुकानदार त्याच वेळी केंद्राच्या यंत्रणेकडून पूर्वतपासणी करून घेतो. परवाना लागत नाही म्हणजे ही तपासणीही होत नाही, असे मला अनेकांनी सांगितले होते, ते चुकीचे आहे. विकत घेणे आणि जवळ बाळगून फिरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या अर्जावर गांजाबद्दलही एक ठळक सूचना आहे, की तुमच्या राज्यात तो कायदेशीर असला तरी केंद्राच्या दृष्टीने नाही. कोलोरॅडोत राहणाऱ्या आमच्या एका परिचितांना ही सूचना वाचून खरेदी न करताच परत यावे लागले.

आता मूळ प्रश्न: टेक्सासमध्ये मी, एकवीस वर्षांवरील, अपात्र नसलेली व्यक्ती, परवान्याशिवाय पिस्तूल पर्समध्ये ठेवून नेमकी कुठे जाऊ शकते? मी एका वहीत माझ्या आठवड्याचा रस्ता लिहून काढला आणि प्रत्येक ठिकाणापुढे कलम लिहीत गेले. पहिलेच ठिकाण म्हणजे माझे रुग्णालय. रुग्णालयाच्या इमारतीत प्रशासनाच्या लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. परंतु २०११ पासून असा कायदा आहे, की कायदेशीरपणे बाळगलेले शस्त्र कर्मचाऱ्याने वाहनतळावर स्वतःच्या कुलूपबंद गाडीत ठेवले तर खासगी मालक त्याला मनाई करू शकत नाही, म्हणजे पिस्तूल आठ तास गाडीत राहणार. गाडी फोडून चोरीला जाणाऱ्या पिस्तुलांच्या बातम्या मी वाचल्या होत्या, म्हणून आसनाखाली तारेने जखडलेली पोलादी पेटी बसवावी लागेल अशी नोंद वहीत झाली.

दुसरे ठिकाण माझ्या मुलीची शाळा. शाळेच्या इमारतीत बंदी असते हे कुणालाही कळेल, पण केंद्राचा एक कायदा शाळेच्या सीमेपासून एक हजार फुटांचा परिसर शस्त्रमुक्त ठरवतो. हा कायदा १९९० चा. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये तो रद्द केला आणि १९९६ मध्ये संसदेने दुरुस्त करून पुन्हा आणला. सार्वजनिक रस्त्यावर, या हजार फुटांच्या आत, गोळ्या भरलेले पिस्तूल गाडीत असणे हा त्यानुसार गुन्हा आहे, आणि त्याला जो महत्त्वाचा अपवाद आहे तो त्या राज्याने परवाना दिलेल्या व्यक्तीसाठी आहे. राज्याने परवान्याची अट काढली म्हणून तुम्ही परवानाधारक होत नाही. मी नकाशा उघडून घरापासून रुग्णालयापर्यंतच्या चौदा मैलांच्या रस्त्यावर शाळांभोवती वर्तुळे काढली. अशी वर्तुळे टाळून जाणारा एकही रस्ता आमच्या उपनगरातून निघत नाही. ज्या राज्यात लायसन्स लागत नाही असे सगळे सांगतात, तिथे माझ्या रोजच्या रस्त्यावर लायसन्स लागत होते, आणि हे मला एकाही सहकाऱ्याने सांगितले नव्हते, कारण त्यांनाही ते ठाऊक नव्हते.

तिसरे ठिकाण दुकाने. इथे पाट्यांचे एक शास्त्रच आहे. दंडसंहितेच्या कलम ३०.०६ ची पाटी असेल तर परवानाधारकाने लपवलेले पिस्तूल आत नेऊ नये, ३०.०७ ची असेल तर उघडे नेऊ नये, आणि २०२१ च्या कायद्याने ३०.०५ ला जोडून आलेली पाटी परवाना नसलेल्यांसाठी आहे. पाटीवरचा मजकूर कायद्यात शब्दशः दिलेला आहे. तो इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, किमान एक इंच उंचीच्या, पार्श्वभूमीहून वेगळ्या रंगाच्या अक्षरांत असावा लागतो. त्यामुळे एखाद्या दुकानावर केवळ ३०.०५ ची पाटी असेल तर परवानाधारक आत जाऊ शकतो आणि बिनपरवाना व्यक्ती जाऊ शकत नाही, असा प्रसंग येतो. आमच्या नेहमीच्या किराणा दुकानावर तिन्ही पाट्या आहेत. मी तिथे नऊ वर्षे जात होते आणि त्या पाट्या मी एकदाही वाचल्या नव्हत्या. याखेरीज ज्या ठिकाणी एकूण उत्पन्नाच्या एक्कावन्न टक्के किंवा अधिक उत्पन्न जागेवर प्यायल्या जाणाऱ्या मद्यातून येते तिथे लाल रंगात ‘५१%’ लिहिलेली पाटी असते आणि तिथे परवानाधारकालाही पिस्तूल घेऊन प्रवेश नाही. न्यायालये, मतदान केंद्रे, शाळांचे आणि व्यावसायिक क्रीडासामने, विमानतळाचा तपासणीपलीकडचा भाग हे सगळे वर्ज्य आहे, आणि टपाल कार्यालय तर केंद्राची मालमत्ता असल्यामुळे त्याच्या वाहनतळावरही केंद्राचाच नियम चालतो. विमानतळाचा उल्लेख करते तो मुद्दाम, कारण केवळ विसरल्यामुळे हातातल्या पिशवीत पिस्तूल घेऊन तपासणीपर्यंत जाणारे लोक पुष्कळ आहेत. २०२३ या एका वर्षात देशभरात अशी ६,७३७ शस्त्रे पकडली गेली आणि त्यांतली बहुतेक गोळ्या भरलेली होती.

आमच्या मंडळाचा गणेशोत्सव एका शाळेच्या सभागृहात होतो. त्या वर्षीच्या समितीच्या बैठकीत एका उत्साही सभासदाने सुरक्षेसाठी ‘आपल्यातल्या चार जणांनी कॅरी करावं’ अशी सूचना मांडली. तोपर्यंत माझी वही बरीच भरली होती, म्हणून मी उठून सांगितले, की शनिवार असला आणि सभागृह भाड्याने घेतले असले तरी ती शाळेची इमारत आहे आणि तिथे परवानाधारकालाही शस्त्र नेता येत नाही. ते गृहस्थ नाराज झाले. नंतर त्यांनी स्वतः कलम वाचले आणि मला फोन करून, “ताई, तुमचं बरोबर होतं,” असे सांगितले. समितीने त्या वर्षी गणवेशातील एका अधिकृत पोलीस अधिकाऱ्याची नेमणूक केली आणि तो खर्च वर्गणीत धरला.

या सगळ्याचा परिणाम असा झाला, की ज्या राज्यात परवाना ऐच्छिक आहे तिथे मी परवाना काढायचे ठरवले. हा निर्णय घेताना मला वारंवार माझ्या मामाची बंदूक आठवत होती. कुडाळजवळच्या आमच्या आजोळी मामाकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. रानडुकरे आणि वानरे भातात व बागेत शिरली की मामा एक बार काढायचा आणि पुन्हा ती ओटीवरच्या खुंटीला टांगायचा. त्या एका बंदुकीसाठी तो नूतनीकरणाला ओरोसला जाई, आणि प्रत्येक निवडणुकीआधी ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेई. लहानपणी मला तो सगळा त्रास वाटे. आता वाटते, की त्या हेलपाट्यांमध्ये मामाला दर वेळी कुणीतरी समोर बसवून नियम सांगत होते. टेक्सासमध्ये परवान्याची अट होती तेव्हा ते काम प्रशिक्षणवर्ग करत असे. अट गेली, नियम सगळे राहिले, आणि ते सांगणारा मात्र समोरून उठून गेला.

प्रशिक्षण चार ते सहा तासांचे असते आणि त्यात काय शिकवायचे तेही कायद्यातच लिहिलेले आहे: शस्त्रांविषयीचा व बळाच्या वापराविषयीचा कायदा, पिस्तुलाची सुरक्षित हाताळणी, हिंसेशिवाय वाद मिटवण्याच्या पद्धती आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा रीतीने शस्त्र ठेवणे. आमच्या वर्गात अकरा जण होते आणि त्यांतले सात जण परवान्याशिवाय दोन-तीन वर्षे पिस्तूल बाळगत होते. प्रशिक्षक बाई निवृत्त पोलीस अधिकारी होत्या. त्यांनी विचारले, की रस्त्यावर भांडण झाले आणि समोरच्याला घाबरवण्यासाठी तुम्ही त्याच्यावर पिस्तूल रोखले, गोळी मात्र झाडली नाही, तर काय? बहुतेकांनी ‘काही नाही’ असे उत्तर दिले. पिस्तूल भरलेले असो वा नसो, जाणूनबुजून एखाद्यावर ते रोखले की बेपर्वाई आणि धोका दोन्ही गृहीत धरले जातात, त्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास परवान्याशिवाय बाळगण्याचा हक्क पाच वर्षे जातो, आणि स्वसंरक्षणाचा बचाव पुराव्यासह मांडण्याची वेळ तुमच्यावर येते, हे त्यांनी समजावले तेव्हा वर्गात शांतता पसरली. दारू पिऊन नशेत असताना पिस्तूल जवळ ठेवणे हाही, स्वतःचे घर आणि गाडी यांचे अपवाद सोडल्यास, गुन्हाच आहे, हे त्या सातांपैकी एका तरुणाने वहीत दोनदा अधोरेखित केलेले मी पाहिले.

लेखी परीक्षेनंतर रेंजवरची परीक्षा झाली. एकूण पन्नास गोळ्या: तीन यार्डांवरून वीस, सात यार्डांवरून वीस आणि पंधरा यार्डांवरून दहा. अडीचशेपैकी पावणेदोनशे गुण मिळाले की उत्तीर्ण. पिस्तूल हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवले ते त्याचे वजन आणि धातूचा थंडपणा. पहिल्या गोळीनंतर उडालेली गरम पुंगळी माझ्या मनगटावर पडली आणि बंदुकीच्या दारूचा करपट वास नाकात बसला. माझे हात इतके कापत होते, की पहिल्या पाच गोळ्या कागदाच्या कडेला गेल्या. बाईंनी थांबवले, श्वास सोडायला लावला आणि चापावरचे बोट बाजूला ठेवायला सांगितले. मला दोनशे बारा गुण मिळाले. पुढचे सोपे होते: बोटांचे ठसे, चाळीस डॉलर शुल्क आणि काही आठवडे वाट पाहणे. परवाना टपालाने आला तेव्हा त्यासोबत येणारे एक कर्तव्यही मला ठाऊक होते, की पोलिसांनी ओळखपत्र मागितले आणि पिस्तूल जवळ असेल, तर वाहनचालक परवान्याबरोबर हाही दाखवायचा.

टेक्सासची सीमा ओलांडली की वही पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करावी लागते. यजमानांचे थोरले बंधू शिकागोजवळ राहतात आणि आम्ही दिवाळीला गाडीनेच जातो. वाटेतल्या आर्कान्सॉ आणि मिसूरी या राज्यांत परवाना लागत नाही. सेंट लुइसला मिसिसिपी नदीवरचा पूल ओलांडला, की इलिनॉय सुरू होते, आणि इलिनॉय इतर कोणत्याही राज्याचा परवाना ग्राह्य धरत नाही. परराज्यातल्या परवानाधारकाला आपल्या गाडीत पिस्तूल ठेवण्यापुरती सवलत आहे, परंतु गाडीबाहेर पाऊल टाकताना ते गाडीतच कुलूपबंद करावे लागते. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने प्रवाशाला आणखी एक संरक्षण दिले आहे: जिथून निघालात आणि जिथे पोहोचणार आहात त्या दोन्ही ठिकाणी बाळगणे कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यांतून रिकामे शस्त्र डिकीत बंद करून नेता येते. गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलपाच्या पेटीत, पण डॅशबोर्डमधल्या कप्प्यात नव्हे. आमचा मुक्कामच इलिनॉयमध्ये असल्यामुळे ते संरक्षण आम्हाला पुरेसे नव्हते. आम्ही पिस्तूल घरी ठेवले.

या फरकाची किंमत काय असू शकते, ते न्यू जर्सीतल्या एका प्रकरणात दिसते. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या २०२२ च्या अधिवेशनासाठी आम्ही अटलांटिक सिटीला गेलो होतो. त्याच परगण्यात २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका तरुण आईला वाहतूक पोलिसांनी थांबवले होते. तिने स्वतःहून सांगितले, की जवळ पिस्तूल आहे आणि पेनसिल्वेनियाचा परवानाही आहे. न्यू जर्सी तो परवाना मानत नाही. तिच्यावर किमान साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या तुरुंगवासाची टांगती तलवार आली, प्रकरण पुढे निवळले आणि २०१५ मध्ये राज्यपालांनी तिला माफी दिली. तिच्या घरापासून ते ठिकाण जेमतेम तासाभराच्या अंतरावर होते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या प्रकरणात ‘विशेष कारण’ दाखवण्याची अट घटनाबाह्य ठरवली, त्यानंतर अशा राज्यांतही परवाना मिळणे शक्य झाले आहे, पण परवाना लागतोच आणि तो त्या त्या राज्याचाच लागतो.

भाच्याने मला मध्यंतरी न्यू ऑर्लिन्सची एक बातमी पाठवली, ती मी वहीत चिकटवून ठेवली आहे. तिथल्या फ्रेंच क्वार्टर या गर्दीच्या पर्यटन भागात नव्या कायद्यानंतर काय होईल याची पोलिसांना चिंता होती. लुइझियानातही शाळेभोवतीचा हजार फुटांचा परिसर शस्त्रमुक्त असतो. म्हणून पोलिसांनी तिथल्या आपल्याच ठाण्यात व्यवसायशिक्षणाची शाळा असल्याचे जाहीर केले, म्हणजे त्याभोवतीचा परिसर आपोआप निषिद्ध ठरावा. हे योग्य झाले की अयोग्य, यावर माझे आणि यजमानांचे मतभेद आहेत. मला ते लोकांच्या जिवाची काळजी करणारे वाटते; त्यांचे म्हणणे असे, की विधिमंडळाने दिलेली मुभा पोलिसांनी वळणाच्या वाटेने काढून घेऊ नये. परंतु तिथे खिशात पिस्तूल घेऊन फिरणाऱ्या पर्यटकाला हे वर्तुळ रस्त्यावर आखलेले दिसत नाही, एवढ्यावर आम्ही दोघे सहमत आहोत.

या वर्षी एप्रिलमध्ये माझी आई पर्यटक व्हिसावर आमच्याकडे आली. तिच्या येण्याआधी आम्ही कपाटातली पिस्तुलाची पेटी बदलून आकड्यांच्या कुलपाची, भिंतीला बोल्टने जखडलेली तिजोरी बसवून घेतली. सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेले शस्त्र लागू देणे हा टेक्सासमध्ये गुन्हा असल्यामुळे मुलीसाठी ती हवीच होती, पण आईसाठी कारण आणखी वेगळे होते: घरातल्या शस्त्रापर्यंत जिचा हात पोहोचू शकतो, त्या व्हिसाधारक व्यक्तीचे ते बाळगणेच आहे, असा युक्तिवाद होऊ शकतो. मी तिला तिजोरी दाखवली आणि आत काय आहे ते सांगितले. तिने मामाच्या बंदुकीची आठवण काढली आणि इथे निवडणुकीला ही जमा करावी लागते का, असे विचारले. नाही, असे मी म्हटल्यावर तिला नवल वाटले. मग व्हिसाचे ते कलम मी तिला मराठीत सांगितले. तिने ते पूर्ण ऐकून घेतले, तिजोरीच्या दारावर हात ठेवला होता तो काढून घेतला आणि म्हणाली, “मग आकडा मला सांगूच नकोस. मी इथे असेपर्यंत या खोलीतली झाडलोटही तूच कर.”